तोंडातलं हातात

आमच्या समोरच्या इमारतीत कुणीतरी कॉकर स्पॅनियल आणलाय. कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. पण सकाळपासून तो भुंकतोय आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे भुंकणं भुकेचं नाही, अनोळखी माणसाला बघून केलेलंही नाही. ‘अहो, मला काहीतरी काम द्या’ असं ते भुंकणं आहे. मला ते कळतं, आणि कळूनसुद्धा मी विश्रांतवाडीतल्या या गॅलरीत गुडघ्याला पट्टा बांधून बसलेय, म्हणून चहा गोड लागत नाही. सून म्हणते, “आई, तुम्ही रिटायर झालात ना?” झाले बाई. गुडघे रिटायर झाले. कान कुठे झालेत?

एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी “तुमच्या कामाविषयी लिहा” म्हटलं तेव्हा आधी हसूच आलं. माझं काम म्हणजे घरोघरी जाऊन कुत्र्यांना वळण लावणं. खरं तर कुत्र्यांच्या माणसांना, पण तसं सांगितलं तर पुण्यात दार कोण उघडणार? स्कूटरच्या हँडलला पिशवी, पिशवीत पट्टे, दोऱ्या आणि उकडलेल्या कलेजीचे तुकडे. सिग्नलला थांबले की गल्लीतली सगळी कुत्री माझ्याभोवती. मंडईजवळचा एक ट्रॅफिक पोलीस म्हणायचा, “मॅडम, मिरवणूक घेऊन पुढे व्हा.” सगळ्या जाती हाताखालून गेल्या. जीव गुंतला तो मात्र स्पॅनियलमध्ये, आणि डोक्याला सगळ्यांत जास्त ताप दिला तोही त्यानेच.

त्याचं मूळ माझ्या वडिलांपाशी आहे. आबा कॅम्पातल्या एका बंगल्यात कुत्र्यांची देखभाल करायचे. मालकांना शिकारीचा भारी नाद. शिकारीवर बंदी येण्याच्या आधीची गोष्ट. हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळांवर आणि तळ्यांच्या काठाने मालक तित्तर, लावे, पाणलावे मारायला निघायचे आणि आबा स्पॅनियलची जोडी घेऊन त्यांच्यामागे चालायचे. मी या कुत्र्याविषयी जे काही सांगते त्यातलं निम्मं आबांचं आहे.

स्पॅनियल मूळचा स्पेनचा असं नावावरून म्हणतात; खरंखोटं स्पेनवाल्यांना ठाऊक. घडवला तो इंग्रजांनी. तिकडे वुडकॉक नावाचा पक्षी काटेरी झुडपात दडी मारून बसतो. माणूस पायाशी आला तरी उठत नाही. त्याला उठवतो म्हणून हा कॉकर. पूर्वी म्हणे एकाच विणीतली अंगाने थोराड होणारी पिल्लं स्प्रिंगर ठरायची आणि लहान राहणारी कॉकर. “सख्खे भाऊ, पण जात वेगळी लावली,” असं म्हणून आबा स्वतःच खो खो हसायचे. आमचं घर बौद्ध. असल्या विनोदावर आमच्याकडे जरा जास्तच हसतात.

कामाची पद्धत अशी. कुत्र्याने बंदुकीच्या टप्प्यात राहून समोर नागमोडी धावायचं. नाक जमिनीला, शेपूट सारखी चालू. वास लागला की शेपटीला नुसतं वारं भरतं. मग झुडपात घुसून पक्षी उडवायचा, आणि उडाला की तिथल्या तिथे खाली बसायचं. पाठलाग करायचा नाही. बार झाला, पक्षी पडला, की हुकूम मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. हुकूम मिळाला की जाऊन तो पक्षी तोंडात धरायचा, एक दात न लावता, आणि आणून माणसाच्या हातात द्यायचा. जमिनीवर ठेवलेला चालत नाही. “पक्षी नुसता जखमी असला तर खाली टाकल्यावर पळेल ना, शकू,” आबा सांगायचे. “म्हणून हातात.” ज्यांची तोंडं अशी मऊ त्यांचीच पिल्लं पिढ्यान् पिढ्या वाढवली. तेव्हा तुमच्या घरातला कॉकर तुमची चप्पल पळवतो असं तुम्हाला वाटतं ना, तसं नसतं ते. तो ती आणून देत असतो.

आता पुण्यात स्पॅनियल कशासाठी घेतात? कानांसाठी. कान गोड दिसतात. बरं, त्या कानांत आपल्या पावसाळ्यात हमखास पू होतो, हे कुणी सांगत नाही. एका बाईंनी जेवताना कान वाटीत बुडू नयेत म्हणून त्याला केसांचा बो बांधला होता. त्यांना मी मनापासून शाबासकी दिली. एका गृहस्थांनी विचारलं, “पाहुणे आले की नमस्कार करायला शिकवाल का?” मी म्हटलं, “आधी तुम्ही करून दाखवा.” त्यांनी मला दारातूनच नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. वाघोलीला उंच इमारतीतल्या एका आयटीवाल्या जोडप्याच्या कॉकरने सोफा फाडला, मग गादी फाडली. “इज ही मेंटल?” असं मला विचारलं. मी म्हटलं, त्याला रोज तासभर मोकळं हुंगू द्या. त्यांनी हो हो म्हणून महिन्याभरात तो देऊन टाकला. तो पुढे घरं बदलत कुठे गेला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन केला तर उचलेनात. रस्त्यात तशा रंगाचा कॉकर दिसला की पुढेही मी स्कूटर हळू करायची, म्हणजे गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत.

पण लिहायचं आहे ते लिमयांच्या सुभेदाराविषयी.

शनिवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लिमये राहतात. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकू माझ्याहून जेमतेम पाच-सात वर्षांनी मोठ्या, पण आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे काकूच. कुत्रा आणला होता त्यांच्या मुलीने, मृणालने. ती लग्न होऊन बंगळूरला गेली आणि दोन वर्षांचा सोनेरी कॉकर आईबापांच्या गळ्यात टाकून गेली. सुभेदार हे नाव काकांनी ठेवलेलं. “घरात माझा हुकूम कुणी ऐकत नाही, निदान एखादा हुद्देदार तरी असावा,” असं त्यांचं म्हणणं.

मला बोलावलं तेव्हा काकूंच्या मनगटाला बँडेज होतं. सुभेदार चावला होता. टाके पडले, इंजेक्शनं झाली. आणि मृणालला सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण, माहेरी येणार.

“हे बघा कांबळेबाई,” काकूंनी दारातच सांगून टाकलं, “घरात तान्हं बाळ येणार. चावणारं कुत्रं मी ठेवणार नाही. ह्यांच्या मामेभावाचा वाघोलीच्या पुढे प्लॉट आहे, तिथे राखणीला नेऊन बांधणार. मृणाल यायच्या आत तुम्हाला काय करायचं ते करा.”

“बांधणार म्हणजे?”

“साखळीने. राखणीचं कुत्रं आणखी कसं ठेवतात?”

काका खिडकीतून बाहेर बघत बसले होते. सुभेदार दिवाणाखाली होता, नुसतं नाक बाहेर. कॉकरला साखळीने बांधायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. तो त्या साखळीच्या टोकाला दिवसभर गोल गोल फिरतो आणि वर्षभरात त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी जातं. मी चप्पल काढून आत गेले.

आधी मला काही थांगच लागेना. माझ्यापाशी तो लोण्यासारखा. चेंडू आणायचा, हातात द्यायचा, खाली बसायचा. काकांपाशी जरा चुळबुळ, पण ठीक. काकू खोलीत आल्या की मात्र तोंडात असेल ते घेऊन दिवाणाखाली, आणि तिथून गुरगुर. घरी आले तरी माझ्या डोक्यात तेच. भाजी चिरताना तेच. नातवाने गणित विचारलं तर म्हणे मी “खाली बस” म्हटलं. शेवटी काकूंना विचारलं, “मी सकाळीच येऊ का? तुमची नेहमीची कामं चालू असताना?”

“या. पण सात ते नऊ माझं सोवळं असतं. मला शिवायचं नाही आणि मध्येमध्ये यायचं नाही.”

“कोपऱ्यात बसेन.”

बसले. काकू आंघोळ करून, उंच दोरीवर वेगळं वाळत घातलेलं पातळ काठीने काढून, नेसून पूजेला बसायच्या. देवघर स्वयंपाकघरातच, त्यामुळे नैवेद्याचा स्वयंपाकही त्यातच. आणि नेमका तोच सुभेदाराच्या अंगात येण्याचा वेळ. सकाळची हवा, फुलांचा वास, तुपाचा वास, वातींचा कापूस, त्याची शेपूट थांबेना. त्याने बाहेरच्या खोलीतून काकांचा मोजा उचलला आणि मान ताठ करून थेट देवघराकडे निघाला. त्या घरातलं सगळ्यांत मोठं माणूस कोण, हे कुत्र्याला बरोबर कळलेलं असतं. आणलेली वस्तू त्यालाच द्यायची.

“अहो! आला मेला! शिवेल, शिवेल!” काकू पाटावरून उठून भिंतीला टेकल्या. काका धावले. हाड् हाड् झालं. मोजा पडेना. मग काकूंनी ओट्यावरची सांडशी उचलली, गरम पातेली उतरवायची, आणि लांबून हात करून त्याच्या तोंडातला मोजा सांडशीत पकडून ओढला. लोखंड त्याच्या दातांवर वाजलेलं मी ऐकलं. तो गुरगुरला, सोडून दिवाणाखाली गेला. काकूंनी मोजा सांडशीसकट मोरीत टाकला. “रोजचं आहे हे,” काका मला म्हणाले. “त्या दिवशी दोरीवरून पडलेलं सोवळ्याचं पातळच आणलंन. सांडशी सापडेना म्हणून हिने हाताने ओढलं, तेव्हा चावला.”

मला राग आला. कुत्र्यासाठी आला, आणि आणखीही कशासाठी तरी आला. ज्याच्या अख्ख्या खानदानाला माणसाच्या हातात देण्यासाठी जन्माला घातलं, त्याच्यापुढे या घरात हातच येत नव्हता. सांडशी येत होती, नाहीतर ओरडा. मग तो काय करणार? पहिल्यांदा गोंधळला, मग लपवायला लागला, मग राखायला लागला. चावायच्या आधी त्याने बिचाऱ्याने सगळे उपाय करून बघितले होते.

पूजा आटोपल्यावर मी काकूंना ते सांगितलं. जरा चाचरतच सांगितलं.

“म्हणजे मी त्याच्या तोंडातलं हातात घेऊ? सोवळ्यात?”

“हो. हात उघडा धरायचा, ‘दे’ म्हणायचं, दिलं की शाबास म्हणायचं.”

“तुमचं काय जातं हो म्हणायला!”

आणि माझा तोल गेला. गिऱ्हाइकाच्या घरात मी कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढला. “काकू, माझे वडील ज्या बंगल्यात राबले तिथे त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. आणि तेच मालक कुत्र्याच्या तोंडातला रक्ताने भरलेला पक्षी उघड्या हाताने घ्यायचे. कौतुकाने घ्यायचे. हात पुढे येणं आणि मागे जाणं म्हणजे काय, हे मला थोडं कळतं.”

काकांनी पेपर उघडला. मी पिशवी उचलली, तशा काकू म्हणाल्या, “चहा टाकलाय. घेऊन जा.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, मला त्यातून काही वाचता आलं नाही. चहा घेतला. हे काम आपल्या हातून गेलं, सुभेदार वाघोलीला गेला, असंच मी धरून चालले होते.

दोन दिवसांनी काकूंचाच फोन. “कांबळेबाई, तुम्ही येणार नाही का? मी एक ठरवलंय. आंघोळीच्या आधी अर्धा तास त्याला काय वाट्टेल ते आणू दे. घेते हातात. आंघोळीनंतर नाही. हे जमत असेल तर या.”

जमत असेल तर म्हणे! मी नाश्ता तसाच टाकून निघाले. आणि खरंच, पारोश्या काकू गाऊनवर जमिनीवर बसलेल्या, हात पसरून “दे” म्हणतायत. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सुभेदार चप्पल घेऊन खोलीभर फिरला, जवळ येईना. चौथ्या-पाचव्या दिवशी आला. चप्पल हातात ठेवली. “ई, ओली आहे हो,” काकू म्हणाल्या, आणि मग “शाबास”, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. पुढे त्या दोघांना त्या अर्ध्या तासाची चटकच लागली. एकदा मी लवकर पोचले तर काकू त्याला सांगत होत्या, “काल किल्ल्या आणल्यास, आज काय आणणारेस, सुभेदारसाहेब?”

पण त्यात एक मेख होती आणि ती मला झोपू देत नव्हती. आंघोळीच्या आधीच्या काकू आणि नंतरच्या काकू वेगळ्या आहेत, हे कुत्र्याला कसं कळावं? सकाळी हात उघडणारं माणूस तासाभराने सांडशी घेऊन उभं राहतं. तो पुन्हा गोंधळला. पूजेच्या वेळी त्याला कोंडून ठेवायला लागले, तर दार ओरबाडून नखं रक्ताळली. एकदा सांडशी दिसताच त्याने दात दाखवले. मी काकूंना पुन्हा काही म्हटलं नाही. त्यांनी त्यांच्या परीने केवढी मजल मारली होती ते मी पाहिलं होतं. आणखी मागायला माझी जीभ रेटेना. काका म्हणाले, “शनिवारी मामेभाऊ गाडी घेऊन येतोय.”

मृणाल पुढच्या गुरुवारी यायची ती डॉक्टरांनी लवकर प्रवास करा म्हटल्यामुळे आधीच येऊन पोचली. शनिवारी सकाळी मला घरात बसवेना. माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. त्याला निरोप द्यायला गेले असं म्हणा.

मृणालने दार उघडलं. सात महिन्यांचं पोट, चेहरा रडून सुजलेला. “मावशी, मीच आणला त्याला, आणि आता मीच...” एवढंच बोलली. काका कुत्र्याचं सामान पिशवीत भरत होते. आत काकू सोवळ्यात, पूजा चाललेली. शेवटचा दिवस म्हणून सुभेदाराला कुणी कोंडलं नव्हतं. मृणालने ओले कपडे वाळत घालायला गॅलरीचं दार उघडलं आणि तो तिच्या पायांतून बाहेर सटकला. तुळशीच्या कुंडीमागे पंखांची फडफड झाली. बस, एवढंच.

तो आत आला तेव्हा त्याच्या तोंडात कबुतर होतं.

कुंडीमागे अंड्यांवर बसलेलं. एक पंख त्याच्या ओठाबाहेर लोंबत होता. काकांच्या हातून पिशवी पडली. मृणालने तोंडावर हात दाबून धरला, कारण तिलाही कळत होतं की आता कुणी किंचाळलं तर संपलं. तो दचकेल, जबडा आवळेल, दिवाणाखाली जाईल, आणि तिथून ते काढायला गेलेल्या हाताला चावेल. मी गुडघ्यावर बसले, हात उघडा धरला, हळूच म्हटलं, “दे.” त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं काढली या कामात, असा अपमान कुणी केला नव्हता. मान ताठ, पाऊल हलकं, तो माझ्यासमोरून, मृणालसमोरून, काकांसमोरून थेट देवघरात गेला आणि काकूंच्या पाटासमोर उभा राहिला.

ओट्यावर सांडशी होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकूंच्या हातात गंधाची वाटी होती, ती त्यांनी खाली ठेवली. मृणाल कुजबुजली, “आई, सोवळं...” काकूंनी तिला मानेनेच गप्प केलं. मग दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून.

“दे.”

सुभेदाराने मान खाली घालून ते कबुतर त्या ओंजळीत ठेवलं. आणि खाली बसला.

“अहो,” काकू म्हणाल्या. “जिवंत आहे हो हे. केवढं धडधडतंय!”

एक दात लागला नव्हता. मी जवळ जाऊन पंख उलगडून पाहिले, पिसं ओली झालेली, बाकी काही नाही. आबांकडून नुसतं ऐकलेलं होतं, जन्मभरात डोळ्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं, लपवलं नाही. काकू तशाच उठल्या, ओंजळ छातीशी धरून गॅलरीत गेल्या, कबुतर कुंडीमागे अंड्यांपाशी ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मामेभाऊ. गाडी घेऊन निघालो म्हणत होता. काका फोन कानाला लावून नुसते काकूंकडे बघत राहिले.

“येऊ नका म्हणावं,” काकू म्हणाल्या. “राखणीला दुसरं बघा.”

काकांनी निरोप सांगितला. फोन ठेवला आणि बायकोच्या हातांकडे, पातळाकडे, अर्ध्या राहिलेल्या पूजेकडे बघत जरा भीतभीतच विचारलं, “अगं, मग आता तुझी आंघोळ?”

“करते हो. देव थांबतील,” काकू म्हणाल्या आणि तशाच त्या पातळानिशी सुभेदारासमोर जमिनीवर बसल्या. “हा कधीचा वाट बघतोय, याला आधी शाबास म्हणू दे.”